पखाल

ऑगस्टातल्या एका रात्री आकाश फुटल्यासारखा आवाज झाला
आणि सल्काच्या बकऱ्यांनी तीन दिवस पान्हा चोरला.
चौथ्या दिवशी दगड सापडला,
द्रा नदीच्या कोरड्या पात्रापलीकडे,
जिथे वाळू संपून नुसते काळे खडे लागतात.
खड्यांत खडा. पण याची पाठ
राखेत विसरलेल्या रोटीसारखी करपलेली.

फोडला. आत राखाडी.
जीभ लावून पाहिली. त्या मुलखात
दगड ओळखायचा तर आधी चाखतात.
"खारट," म्हणाली, "आपल्या विहिरीइतका नाही."

भाचा स्वैलेम तो घेऊन एरफूदला गेला.
भाव ठरला: काही दिरहम,
आणि पाण्याचे दोन टँकर, तंबूपर्यंत पोचते.

*

बर्नमध्ये पाऊस.
उर्सिना काडुफ छत्री बाहेर ठेवते, बूट बाहेर ठेवते,
तोंडाला फडकं बांधते,
कारण कपाटातल्या त्या दाण्याला
पाण्याचं वावडं आहे.
एक उच्छ्वास जवळून गेला तरी विरघळेल.

दाणा मिठाचा. जांभळा.
किरणोत्साराच्या माराने अंगावर उठलेला
युगायुगांचा वळ.
त्याच्या पोटात थेंब, थेंबात बुडबुडा,
आणि भिंगाखाली
तो बुडबुडा हलतो.

ती मान बाजूला करते. पुन्हा बघते.
साडेचार अब्ज वर्षं झाली,
अजून त्याला एका जागी बसवत नाही.

*

मीठ पाण्यात विरघळतं, एवढंच शिकलो होतो आपण.
पाणी मिठात राहतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिकडे उघड्यावर पाण्याचं काही खरं नाही.
वरून हवेचा हात नाही,
म्हणून बर्फ वितळण्याइतकाही थांबत नाही,
उठतो आणि जातो.
जे राहिलं ते लपून राहिलं:
काही मातीच्या पापुद्र्यांत शिरलं,
स्वतःचं ओलेपण मोडून, मातीचं होऊन.
आणि हे एवढंसं,
कुठल्याशा लहानग्या जगाच्या पोटातलं खारं पाणी
आटत आटत आलं तेव्हा
मिठाने शेवटचा घोट मुठीत धरला
आणि मूठ मिटली.

मग ते जग फुटलं.
तुकडे भलत्याच दगडांत जाऊन रुतले.
सूर्याभोवती किती फेऱ्या, कोण मोजणार.
शेवटी खाली येताना आग लागली खरी,
पण काही क्षणांचीच.
पाठ करपली,
आतल्या थंडीला पत्ताही लागला नाही.

*

हिवाळ्यात स्वैलेम फोन घेऊन आला.
पडद्यावर जांभळा चौकोन, त्यात एक डोळा.
"मावशी, तुझ्या दगडात पाणी निघालं."

"किती?"

"दिसणार नाही इतकं."

सल्का हसली नाही.
दोन टँकर कधीच संपले होते.
तिने फोन उन्हापासून आडोशाला धरला,
बराच वेळ पाहिला,
जशी बाजारात दुसरीच्या हातची शिवण पाहते.

तंबूच्या खांबाला तिची पखाल टांगलेली,
गेल्या वर्षीच्या बोकडाची, डांबर लावलेली,
मानेपाशी तिनेच बांधलेली गाठ.
चांगली पखालसुद्धा घामेजते,
घामेजते म्हणून पाणी गार राहतं,
आणि म्हणूनच रोज थोडं कमी होतं.

"ही झिरपत नाही?"

"नाही. एवढ्या वर्षांत नाही."

"तोंड कुठाय?"

स्वैलेमने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं,
शेवटी नुसते जांभळे ठिपके उरले.

"तोंड नाहीये, मावशी."

तिने फोन परत दिला.
"मग शिवणारा," ती म्हणाली,
"कधी तहानला नसेल."

पखालीच्या तळाशी एक थेंब जमत होता.
खाली करडू मान वर करून उभं.
तिने त्याला हाकललं नाही.